दुसरा हात

३ नोव्हेंबर

मामा आणि मामी,

दोघांना नमस्कार, आणि मामांच्या कानांना वेगळा नमस्कार, कारण त्यांच्यामुळे मला अजून कागद-पेन घेऊन बसावं लागतं. ऑफिसातल्या मुली हसतात. म्हणतात, दिवसभर उपग्रहांशी बोलतेस आणि मामाला पत्र लिहितेस! मी म्हणते, उपग्रहांना ऐकू येतं.

मोठी बातमी ही की मला अखेर टेबल मिळालं. तीन वर्षं दुसऱ्यांच्या खुर्चीमागे उभी राहून शिकले, आता स्वतःची खुर्ची. खोलीला खिडकी नाही, थंडी इतकी की शाल घेऊन बसते, आणि समोर भिंतभर पडदे. आल्यापासून पाय थाऱ्यावर नाहीत. मामा मला भिंगरी म्हणतात ते उगाच नाही.

मामांनी विचारलंय की "माझ्या आवारातल्या त्या खांबाचं तुम्ही करता तरी काय?" बारा वर्षं राखण केल्यावर हा प्रश्न! ऐका. विमान ज्या उपग्रहांवरून आपली जागा ओळखतं, ते थोडे चुकतात. चार मीटर, कधी दहा. रस्त्यावरच्या गाडीला चालतं, ढगातून खाली येणाऱ्या विमानाला नाही. तुमचा खांब कुठे रोवलाय ते आम्हाला बोटाच्या पेराइतकं अचूक माहीत आहे. त्याच्यावरची अँटेना उपग्रहांचं ऐकते. ते म्हणतात तू तिथे आहेस, खांब म्हणतो छे, मी तर इथे. हा फरक आमच्याकडे येतो. अशी एकवीस केंद्रं आहेत, तुमचं अकरा नंबर. सगळ्यांचे फरक घेऊन आम्ही दुरुस्ती काढतो आणि ती वर, छत्तीस हजार किलोमीटरवरच्या एका वेगळ्या उपग्रहाकडे पाठवतो. तो पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी उभा वाटतो. तिथून तो ती सगळ्या विमानांना वाटतो. तुमच्या दरीतलं विमान धुक्यात उतरतं ते त्याच्या जिवावर, आणि तुमच्या खांबाच्याही.

आणि चूक निघाली तर सहा सेकंदांत विमानाला कळलं पाहिजे. बहुतेक वेळा हे यंत्रच करतं. पण एखादं केंद्र धड चुकतही नाही आणि धड बरोबरही येत नाही, तेव्हा माणसाने ठरवायचं. त्यासाठी माझ्या टेबलावर एक बटण आहे, 'केंद्र वगळा'.

पुढच्या महिन्यात तपासणीची माणसं सगळी केंद्रं बघत फिरणार आहेत. तेव्हा मामा, आवार कसं चकचकीत ठेवा. भाचीची अब्रू तुमच्या हातात आहे.

तुमची,
भिंगरी


११ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. हात आता फारच थरथरतो, म्हणून नेहमीप्रमाणे मी सांगतो आणि मामी लिहिते. (लिहिते म्हणजे काय, सुधारून लिहिते. हे सांगतात तसं लिहिलं तर तुला एक वाक्य कळायचं नाही.)

तुझ्या टेबलाची बातमी मी दवाखान्यापासून धावपट्टीपर्यंत सगळ्यांना सांगितली. (ओरडून. दरीच्या पलीकडेही कळली असेल.) खांबाचं काम आता समजलं. म्हणजे तो माझ्यासारखाच आहे, जागेवरून हलायचं नाही आणि दुसऱ्याच्या चुका काढायच्या. (हे खरं आहे.)

तपासणीची काळजी करू नकोस. माझ्या भाचीचं नाव खाली जाईल असं काही इथे दिसणार नाही. गवत काढलं, कुंपणाची तार ओढून घेतली, जनरेटरची खोली धुऊन काढली. ज्या जनरेटरने माझे कान खाल्ले त्याला मी स्वतःच्या हाताने पुसलं, यापेक्षा मोठं मन कोणाचं? पाण्याच्या टाकीला चंदेरी रंग दिला. अशी झळकते की वैमानिकाने धावपट्टीऐवजी टाकीवर विमान उतरवू नये म्हणजे मिळवली. तू चकचकीत म्हणालीस ना, आता बघच.

तुझा,
मामा

(भिंगरी, हे आता चष्मा शोधायला गेलेत आणि लिहून झालेलं पुन्हा वाचत नाहीत, म्हणून सांगते. चार दिवस झाले, माझ्या उजव्या डोळ्यापुढे माश्या उडाल्यासारख्या होतात, मधेच वीज चमकल्यासारखं होतं. वय झालं, दुसरं काय. यांना सांगितलं नाही, उगाच घर डोक्यावर घेतील. मामी)


१८ नोव्हेंबर

मामा,

तुमच्या अकरा नंबरला मी कोपऱ्यात उभं केलं!

रागावू नका, आधी ऐका. चौदा तारखेपासून तो जरा कुजबुजल्यासारखा बोलत होता. परवा दुपारी एकदम बरळायलाच लागला. यंत्र त्याला पासही करेना आणि नापासही करेना. आमचे साहेब म्हणाले, थांब, तासभर बघू. मी पडद्याकडे बघितलं आणि मला वाटलं, या तासाभरात कोणी त्याच्या भरवशावर ढगातून खाली आलं तर? मी दाबलं. माझं पहिलं बटण! आतून इतकं बरं वाटलं की काय सांगू.

त्या कोपऱ्यात दुसरं केंद्र नाही, त्यामुळे तुमच्या दरीत सध्या उघड्या आभाळातच उतरता येतं. आणि नेमकं तुमच्याकडे धुकं. काल आणि आज विमान वर घिरट्या घालून परत गेलं म्हणे. खाली थांबलेले लोक मला शिव्या देत असतील. देऊ देत. चरफडताहेत, पण जिवंत आहेत.

मंगळवारी आमचा इंजिनिअर तिकडे येईल. तोवर तुम्ही एकदा वर नजर टाका. अँटेनावर घरटं वगैरे झालंय का? पत्रा, तार, धातूचं काही नाही ना? धातू आड आला की तिला काही ऐकू येत नाही, अगदी तुमच्यासारखं.

मामी, ते माश्यांचं प्रकरण लगेच दाखवून ये. अंगावर काढू नकोस.

भिंगरी


३० नोव्हेंबर

चि. भिंगरी,

मीच लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

मामीचा उजवा डोळा गेला. सोळा तारखेला संध्याकाळी म्हणाली, डोळ्यावर खालून काळा पडदा चढतोय. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतला पडदा सुटतोय, उद्याच्या उद्या मोठ्या रुग्णालयात न्या, एक एक दिवस महत्त्वाचा आहे. सतराला आम्ही धावपट्टीवर बसलो. अठराला पुन्हा बसलो. मला विमानाचा आवाज येत नाही, मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिचं तोंड उजळायचं आणि पडायचं. तेवढ्यावरून मला कळायचं.

एकोणीसला पहाटे जीप केली. घाटात दरड पडली होती, सहा तास अडकलो. दुपारी तिने वर बोट दाखवलं. धुकं निवळलं होतं आणि आमच्या डोक्यावरून विमान दरीकडे चाललं होतं. त्यात तुझं पत्र होतं, हे मला मागाहून कळलं.

रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी यायला हवं होतं. ऑपरेशन केलं, उपयोग झाला नाही. दुसरा डोळा चांगला आहे.

बावीसला मी कपडे न्यायला एक दिवस घरी आलो होतो. दुसऱ्या दिवशी तुमचे इंजिनिअर येऊन गेले. सगळं नीट आहे म्हणाले. आवार स्वच्छ ठेवल्याबद्दल माझी पाठ थोपटली.

मामीला तुझ्या बटणाचं बोललेलो नाही. तूही मनाला लावून घेऊ नकोस.

मामा


८ डिसेंबर

मामी, मामा,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. मामा, हे मामीला वाचून दाखवा. लपवू नका.

मामी, विमान मी थांबवलं. तू खाली बसली होतीस तेव्हा बटण मी दाबलेलं होतं. वर मी मामांना थट्टेचं पत्र लिहिलं, जिवंत चरफडताहेत म्हणून. ती ओळ मला आता आंघोळ करतानाही आठवते, जेवतानाही आठवते. मी एका जागी बसू शकत नाही. रस्त्याने चालत सुटते आणि कुठे आले ते कळत नाही.

आणि मला खरं सांगायचंय. तू तिथे आहेस हे माहीत असतं तर मी दाबलं असतं का? मी स्वतःला शंभर वेळा विचारलं. नसतं दाबलं. साहेब म्हणाले तसं तासभर थांबले असते. या नोकरीला मी लायक नाही असं मला वाटतं, आणि ऑफिसलाही आता तसंच वाटतंय. इंजिनिअरने लिहून दिलं की केंद्रात काही दोष सापडला नाही. म्हणजे मी कारण नसताना दरी बंद केली. चौकशी लागली आहे. टेबल काढून घेतलं, जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलंय.

मामा, त्या खोलीत बसून मी अकरा नंबरच्या नोंदी पुन्हा काढल्या. चौदाला सकाळी अकराच्या सुमारास आवाज एक पायरी खाली येतो. सोळाला दुपारी आणखी एक पायरी, एकदम मोठी. आणि बावीसला दुपारी बारा ते दोनमध्ये सगळं जसंच्या तसं वर. इंजिनिअर तर तेवीसला आले. हवा अशी पायरी-पायरीने बिघडत नाही आणि आपोआप बरी होत नाही. बावीसला तुम्ही घरी होतात. मामा, तिथे काय झालं होतं?

मामी, तुला भेटायला यायचंय, पण तोंड दाखवायची हिंमत होत नाही.

भिंगरी


१९ डिसेंबर

भिंगरी,

हे पत्र मी केंद्रातल्या खोलीत बसून लिहितो आहे. मामीला ठाऊक नाही. उत्तर केंद्राच्या पत्त्यावर दे, घरी नको.

अँटेनाचा तो पांढरा टोप पिवळा पडला होता, शेवाळ धरलं होतं. एवढं सगळं चकचकीत आणि मधोमध तो कळकट. टाकीचा चंदेरी रंग उरला होता. चौदाला पहिला हात दिला. पांढरं खालून दिसत होतं, म्हणून सोळाला दुसरा हात दिला. मी मागे सरकून बघितलं आणि मला वाटलं, वा! त्याच संध्याकाळी ती म्हणाली, पडदा चढतोय.

बावीसला घरी आलो तेव्हा तुझं पत्र दाराच्या फटीत पडलेलं होतं. धातू आड आला की तिला ऐकू येत नाही. डब्यावर बघितलं, तर त्यावर ॲल्युमिनियमच लिहिलेलं. मी रॉकेल आणि चिंध्या घेतल्या आणि तो सगळा रंग उतरवला. का उतरवला? तिला कळू नये म्हणून. तुझं काय होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इंजिनिअरसाहेबांनी पाठ थोपटली तेव्हा मला वाटलं, जमीन फाटावी आणि आत जावं. पण मी तोंड उघडलं नाही.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. नोंदींचा परिच्छेद तेवढा गाळला.

तू बटण दाबलंस ते बरोबरच होतं. माझा खांब खोटं बोलत होता आणि तो खोटं बोलतोय हे तुला तिथे बसून कळलं. मला खाली उभं राहून कळलं नाही. चकचकीत हा शब्द तू लिहिलास म्हणून स्वतःला टोचत बसशील, तर बसू नकोस. रंग मी लावला. घरात एकटाच होतो. मामी दोन्ही दिवस बाजारात गेली होती.

ऑफिसला मी सगळं लिहून कळवणार आहे. थोडा वेळ दे, एक ओळ लिहायला मला दहा मिनिटं लागतात. तिला मात्र सांगू नकोस. तिच्या डोळ्यावर मी रंग लावला, हे तिला कळल्यावर मी त्या घरात कसा राहू?

मामा


२७ डिसेंबर

मामा,

ऑफिसला लिहू नका. तुमचं पत्र मी कोणाला दाखवलेलं नाही आणि दाखवणार नाही.

तुम्ही कळवलंत तर तुमची नोकरी जाईल, आणि नोकरीबरोबर मिळालेलं घर जाईल. मामीला एका डोळ्याने नवीन घराच्या पायऱ्या शिकाव्या लागतील. माझं काय, मी नोंदींच्या खोलीत बसेन, नाहीतर दुसरं काम शोधेन. माझ्या वयाला ते जमतं.

पण मला तुमचा रागही आला आहे, तो लपवत नाही. महिनाभर मी स्वतःला वेडी समजत होते. पडद्यावर जे दिसलं ते खरंच दिसलं होतं का, अशी शंका यायला लागली होती. तुम्ही एक ओळ लिहिली असतीत तर मी एवढी फिरले नसते. रंग लावल्याचा राग नाही, मामा. पुसल्याचा आहे.

तरीही लिहू नका. हात जोडून सांगते.

भिंगरी


२० जानेवारी

भिंगरी,

ओळी तिरक्या जातात, मान वाकडी करून वाच. एका डोळ्याने दौतीत बोट आणि कपात साखरेऐवजी टेबलावर साखर असं चाललंय, पण जमेल. पायऱ्या मोजून ठेवते.

यांनी ऑफिसला पत्र पाठवलं. तू नको म्हणालीस तरी पाठवलं. (तू काय लिहितेस ते मला ठाऊक आहे. केंद्राच्या खोलीची किल्ली माझ्याच पदराला असते.) चार दिवस सकाळी तिथे दार लावून लिहीत बसले. कागद चुरगाळल्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. पेन हातात घेऊन आत जावं असं फार वाटलं. गेले नाही. चहा दाराशी ठेवून येत होते.

परवा तुझ्या ऑफिसचे साहेब आले. भला माणूस वाटला. तुला टेबल परत दिलं म्हणाले, आणि तुझ्या फायलीत चांगलं लिहिणार आहेत. आम्हाला महिनाअखेर घर सोडायचंय. यांनी मला सांगितलं, वयामुळे कमी करताहेत. मी म्हटलं, बरं. तुझ्या शेजारी एखादी खोली रिकामी आहे का विचार. तळमजला हवा.

आता तुझ्यावर मी रागावले आहे ते सांगते. तू लिहिलंस, मला माहीत असतं तर दाबलं नसतं. त्या विमानात वैमानिक धरून दहा माणसं होती. माझ्या डोळ्यासाठी ती दहा माणसं डोंगरावर घालायची होतीस का? आणि मी त्या डोळ्याने मग काय बघितलं असतं? पुढच्या वेळी खाली कोण बसलंय याचा विचारही करायचा नाही. दाबायचं. मामीची शपथ वगैरे घालत नाही, सरळ सांगते आहे. आणि आधी घरी ये. तोंड दाखवायची हिंमत नाही म्हणे! अर्धंच दिसणार आहे मला, भितेस कशाला?

आता जे सांगायला बसले ते. साहेबांनी यांना विचारलं, रंग लावताना बरोबर कोण होतं? हे म्हणाले, कोणी नाही. बायको बाजारात गेली होती. यांचा आवाज तुला माहीतच आहे, मी स्वयंपाकघरात होते, शब्द न् शब्द ऐकू आला. साहेबांनी लिहून घेतलं. हात एवढा थरथरणारा माणूस एकटा शिडीवर कसा चढला, दोनदा चढला, हे त्यांनी विचारलं नाही. तुलाही यांनी बाजाराचंच लिहिलं असणार. तूही विचारलं नाहीस.

रंग वाया जातोय, टोपालाही मारून टाका, असं म्हणणारी मी. पहिला हात फिका दिसतोय म्हणणारीही मीच. इतके दिवस मला वाटत होतं, दुःखात हे विसरले असतील. परवा कळलं, काही विसरलेले नाहीत. मला वाचवत बसलेत. आणि मी यांना वाचवायला गप्प बसले आहे. दोन महिने एका घरात दोघं एकमेकांकडे बघायचं चुकवतोय.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत. साहेब गेल्यापासून हे पहिल्यांदाच गाढ झोपलेत. उठले की कानाशी तोंड नेऊन सांगणार आहे, की शिडी मी धरली होती.

मामी